नावाला किती, कामाला किती?

महागड्या डिझायनर कपड्यांविषयी या वेळी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच निवडली आहेत. लग्नसराई तोंडावर असल्यामुळे पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे. स्वागत समारंभासाठी तिने मुंबईच्या एका नावाजलेल्या डिझायनरच्या दालनात लेहंगा पसंत केला असून त्याची किंमत करासह 3 लाख 25 हजार रुपये आहे. यजमानांचे म्हणणे असे की, एवढ्या पैशात उत्तम पैठणी येईल आणि उरलेल्या रकमेचे सोने होईल. मुलगी मात्र हटून बसली आहे. हा लेहंगा खरोखर एवढ्या किमतीचा असतो का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आपण तो लेहंगा समोरून पाहिला आहे, आता दालनात पुन्हा जाऊन तो उलटून पाहा. अशी विनंती केल्याने कोणाचाही अपमान होत नाही आणि ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो विक्रेता स्वतःहून आतली बाजू उलगडून दाखवतो.

सर्वांत आधी भरतकाम पाहावे. यंत्रावरच्या भरतकामाच्या मागे बॉबिनचा दोरा एकसारखा, बहुधा पांढरा, दिसतो आणि कापडाला ताठपणा यावा म्हणून लावलेला कागदासारखा थर बोटांना लागतो. हाताच्या आरी (आकड्याच्या सुईचे) आणि जरदोजी (धातूच्या तारेचे) कामाच्या मागे टाके थोडे उणे-अधिक असतात, जागोजाग गाठी असतात आणि दोरा एका फुलावरून दुसऱ्याकडे नेलेला कळतो. जरदोजीतला डबका, म्हणजे धातूच्या तारेची ती बारीक पोकळ गुंडाळी, कारागीर कात्रीने कापून तिचे तुकडे मण्यांप्रमाणे सुईत ओवतो आणि एकेक तुकडा टाचतो. लेहंग्यावर असा डबका दाटीने भरलेला असेल, तर तिथे माणसाने बसून काम केले आहे याविषयी शंका राहत नाही. त्यानंतर कळ्यांच्या, म्हणजे घेरातल्या उभ्या पट्ट्यांच्या, जोडावरची शिलाई पाहा. तिच्या आत दीड-दोन इंच माया, म्हणजे शिवणीतले जादा कापड, सोडलेली असेल, तर हा लेहंगा पुढे सैल करता येईल, बहिणीला किंवा भावजयीला नेसता येईल. माया अर्ध्या इंचावर कापून टाकली असेल, तर तो एका संध्याकाळीपुरताच शिवला आहे असे समजावे. अस्तर सुती किंवा रेशमी आहे, की घाम न शोषणारे पॉलिस्टर सॅटिन आहे, हेही तेव्हाच कळेल आणि सहा-सात तास उभ्या राहणाऱ्या नवरीला त्याचा फरक कोणत्याही नक्षीपेक्षा अधिक जाणवतो.

मग विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : यावर किती कारागिरांनी किती दिवस काम केले? समजा, चार कारागीर 45 दिवस बसले असे उत्तर मिळाले, तर ते 180 मनुष्यदिवस झाले. हजार रुपये रोज धरला तरी 1 लाख 80 हजार रुपये केवळ भरतकामाच्या मजुरीचे होतात. त्यात रेशीम, जर, शिलाई, नमुने तयार करण्याचा खर्च आणि दालनाचे भाडे मिळवले, तर सव्वातीन लाखांत वाढवून सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. मात्र भरतकाम यंत्राचे असून वरून हाताने थोडे मणी-टिकल्या लावल्या असतील आणि सगळे मिळून 15 मनुष्यदिवसही होत नसतील, तर मजुरी 15 हजारांच्या आसपास थांबते. अशा वेळी उरलेली रक्कम आपण कशासाठी देत आहोत, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. ती मुख्यतः नावासाठी असते. या नावाला बाजारात खरी, मोजता येणारी किंमत आहे. जानेवारी 2021 मध्ये आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेलने सब्यसाची या डिझायनर नाममुद्रेतील (ब्रँडमधील) 51 टक्के हिस्सा 398 कोटी रुपयांना घेतला. एवढी रक्कम गोदामातल्या कापडासाठी कोणी देत नाही. ग्राहक त्या नावाकडे पुढेही येत राहतील, या खात्रीसाठी ती दिली जाते. नावासाठी पैसे मोजणे हा काही गुन्हा नाही, परंतु ते कामाचे समजून मोजले जाऊ नयेत, एवढीच माझी कळकळ आहे.

एक भाग तर डिझायनरच्या आणि कारागिराच्याही हाती लागत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपेक्षा महाग तयार कपड्यांवर 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे. पूर्वी तो 12 टक्के होता. म्हणजे आपल्या 3 लाख 25 हजारांपैकी जवळपास 49,500 रुपये सरकारजमा होतील. न शिवलेली साडी कापडात मोडते आणि तिच्यावर 5 टक्केच कर लागतो. अंदाजपत्रक आखताना हा फरक लक्षात घ्यावा.

आता यजमानांच्या म्हणण्याविषयी. सोने ही बचत आहे आणि वस्त्र हा खर्च आहे. दोहोंची तुलना केली तर वस्त्र दरवेळी हरणारच. पैठणीलाही गुंतवणूक म्हणू नये, कारण ती विकायला कोणी बाजारात नेत नाही. तिचा फायदा निराळा आहे. ती न शिवलेली असल्यामुळे अंगकाठी बदलली तरी अडत नाही आणि आईची पैठणी मुलगी सहज नेसते, तसे आईच्या लेहंग्याचे सहसा होत नाही. मात्र बाजारात पैठणी म्हणून विकले जाणारे बरेच काही यंत्रमागावरचे असते. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाची कायदेशीर नोंद, मिळाले, तरी दुकानात पारख आपल्यालाच करावी लागते. येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावर पारंपरिक रीतीने विणलेल्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट्या बाजूसारखीच दिसते, कारण विणकर मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवरून त्या-त्या जागेपुरताच भरतो आणि शेजारच्या रंगात गुंतवतो. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा असतील, तर थांबून विचारपूस करावी. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो, साडी हातमागावर विणली आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा पाहावा. जर खरी, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची, की तांब्याची आणि प्लॅस्टिकची, हे पावतीवर लिहून घ्यावे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर लेहंगा तपासून काम खरे निघाल्यास मुलीचे ऐकावे, कारण लग्न तिचे आहे आणि तो पैसा काही अंशी तरी अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, बसलेल्या कारागिरापर्यंत जातो. काम यंत्राचे निघाले, तर तिला आतली बाजू दाखवावी आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. मुली हट्टी असतात, पण फसवून घ्यायला त्या तयार नसतात.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची असून बंगळुरूला नोकरी करते. यंदाच्या बोनसमधून एका युरोपीय नाममुद्रेची तीन लाखांची चामडी बॅग घ्यावी असे मनात आहे. विक्रेता म्हणतो की, या बॅगेची किंमत दरवर्षी वाढते, त्यामुळे ही गुंतवणूकच आहे. हे कितपत खरे मानावे?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : दुकानातील किंमत दरवर्षी वाढते हे खरे आहे; आपल्या बॅगेची किंमत वाढते, हे त्यातून सिद्ध होत नाही. शनेलच्या प्रसिद्ध मध्यम आकाराच्या फ्लॅप बॅगेची किंमत 2019 ते 2024 या काळात जवळपास दुप्पट झाली. त्या पाच वर्षांत चामडे किंवा मजुरी दुप्पट झाली नव्हती. कंपन्यांनी किंमत वाढवली, कारण ग्राहक ती देत होते. आपण वापरलेली बॅग विकायला जाल, तेव्हा मात्र किंमत ठरवणारा दुसरा कोणी असतो, आणि बहुतेक नाममुद्रांच्या बहुतेक बॅगा खरेदीपेक्षा बऱ्याच कमी किमतीला जातात. एर्मेसच्या काही मोजक्या बॅगा याला अपवाद आहेत, कारण कंपनी त्या मुद्दाम थोड्याच बनवते आणि कोणालाही सरसकट विकत नाही. एर्मेसने जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी बनवलेली पहिली बर्किन बॅग जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना गेली. ही बातमी विक्रेते आवर्जून सांगतील, पण ती किंमत त्या एका बॅगेच्या इतिहासाची होती.

किंमत कशाने बनते, याचे एक दर्शन 2024 साली इटलीत घडले. मिलानच्या न्यायालयाने जून महिन्यात दिओर या फ्रेंच नाममुद्रेच्या बॅगा बनवून घेणाऱ्या एका उपकंपनीवर न्यायालयीन देखरेख नेमली. तिचे काम करणाऱ्या छोट्या उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांचे शोषण होत असताना कंपनीने पुरेशी देखरेख ठेवली नाही, असा ठपका होता. तपासात पुढे आलेल्या कागदपत्रांनुसार, दुकानात 2,600 युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जुळणीसाठी पुरवठादाराला 53 युरो दिले जात होते. या आकड्यात चामडे, आरेखन, वाहतूक आणि जाहिरात धरलेली नाही, हे सांगणे न्यायाचे आहे. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती देखरेख मुदतीआधी उठवण्यात आली, हेही नोंदवले पाहिजे. तरीही 53 आणि 2,600 यांमधले अंतर चामड्याने भरून निघत नाही. दिओरची मालकी असलेल्या एलव्हीएमएच समूहाच्या 2023 च्या हिशेबात विक्री आणि विपणनाचा खर्च एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक होता. आपल्या तीन लाखांतील मोठा वाटा भव्य दालने, जाहिराती आणि नफा यांच्याकडे जातो, असे समजून चालावे.

तेव्हा बॅग घ्यावी की नाही? आपल्या कष्टाच्या पैशांतून, कर्ज न काढता, आवडलेली वस्तू घेण्यात मला गैर वाटत नाही. ती वस्तू आहे म्हणून घ्या, ठेव म्हणून नको. घेताना कडांवरचा रंग सगळीकडे सारखा बसला आहे का, पट्टा जिथे जोडला आहे तिथे टाके दुहेरी आहेत का, आतले अस्तर चामड्याचे आहे की कापडाचे, आणि दहा वर्षांनी दुरुस्ती करून देण्याची लेखी हमी मिळते का, एवढे पाहावे. पुष्कळ महाग बॅगा खरे तर कॅनव्हासवर प्लॅस्टिकचा थर दिलेल्या असतात. त्या टिकाऊ असतात, पण त्यांना चामडी म्हणून विकत घेऊ नये.

प्रश्न : मी कोल्हापूरचा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. प्राडा या इटालियन नाममुद्रेने आपली कोल्हापुरी चप्पल 80 हजार रुपयांना विकायला काढली, तेव्हा घरात सगळे चिडले. आमच्या शिवाजी मार्केटकडे तीच जोडी हजार-दीड हजाराला मिळते. मग 80 हजारांत असे काय आहे?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आपला राग रास्त आहे, पण तो मला दोन्ही किमतींवर हवा आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. जून 2025 मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि तिच्या मूळ ठिकाणाचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर कंपनीने या चपलेची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे मान्य केले आणि तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. नुकसानभरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. ती न्यायालयाने फेटाळली, कारण भौगोलिक मानांकनाची नोंद याचिकाकर्त्यांच्या नावे नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्यानुसार दोन्ही राज्यांतील कारागिरांकडून 2,000 जोड्या बनवून घेण्याचे ठरले आणि एका जोडीची किंमत सुमारे 800 युरो जाहीर झाली. कर्नाटकाचे नाव ऐकून आपल्याकडे काहींच्या भुवया उंचावल्या. पण कोल्हापुरीचे मानांकनच मुळी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे.

या 800 युरोंत चपलेचा वाटा थोडा आहे आणि मिलानचा फार मोठा आहे, असेच मी म्हणेन. परंतु हजार रुपयांच्या जोडीकडेही नीट पाहा. अस्सल कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते आणि त्याला वेळ लागतो. तळाचे थर ठोकून चपटे करायचे, ते खिळ्यांऐवजी चामड्याच्याच वादीने शिवायचे, वेणी हाताने विणायची, अंगठा बसवायचा, आणि यातली कितीतरी कामे घरातल्या स्त्रिया करतात ज्यांची मजुरी वेगळी धरलीच जात नाही. हे सगळे करून, दुकानदाराचा नफा धरून, जोडी हजाराला मिळते, याचा अर्थ कोणीतरी फार थोड्या पैशांत राबते आहे, किंवा मग ती जोडी अस्सल नाही आणि तळाशी रबर व रेक्झिन आहे. बाजारात दोन्ही प्रकार आहेत. चर्मकार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या या कारागिरीला आपण गावातल्या गावात कधी पुरता भाव दिला नाही, आणि मुले या व्यवसायात का राहत नाहीत, याचे उत्तर तिथेच आहे. तीन-साडेतीन हजारांची हातशिलाईची जोडी महाग वाटून आपण घासाघीस करतो आणि तेवढ्याच किमतीचे परदेशी नावाचे रबरी बूट मुकाट्याने घेतो, ही गोष्ट मला 80 हजारांपेक्षा अधिक सलते.

फ्रेंच आणि इटालियन नाममुद्रांचे भरतकाम अनेक वर्षे मुंबईत होत आले आहे. मार्च 2023 मध्ये दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला शो केला आणि मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेच्या कारागिरांचे श्रेय उघडपणे दिले, तेव्हा ही गोष्ट अनेकांना प्रथमच कळली. असे श्रेय दिल्याने कारागिराच्या पुढच्या कामाचा भाव वाढतो. म्हणून प्राडाच्या करारातही मला किमतीपेक्षा दोन गोष्टींत रस आहे : जोडीमागे कारागिराला काय मिळाले आणि पेटीवर कोल्हापूरचे नाव किती ठळक आहे. आपण कोल्हापुरातच आहात. ज्यांनी या जोड्या बनवल्या त्यांना जाऊन विचारा आणि आम्हालाही कळवा.

प्रश्न : मित्राच्या लग्नासाठी नाममुद्रेची ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेण्यात वावगे काय आहे? दिसायला तर सारखेच दिसते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बनावट व्यापारचिन्हाचा माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम 1999 नुसार गुन्हा असून त्याला सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. तो माल कोणी, कुठे, काय मजुरीत शिवला, हे कोणालाही विचारता येत नाही. एका दिवसापुरता उंची पोशाख हवा असेल, तर तो भाड्याने मिळतो. घेण्यापूर्वी त्यावरचे जुने डाग पावतीवर नोंदवून घ्यावेत, म्हणजे अनामत परत मिळताना वाद होत नाही.

प्रश्न : मी सोलापूरला सरकारी नोकरीत आहे. निवृत्तीपर्यंत पुरेल असा एक उत्तम सूट घ्यायचा आहे. 30 हजारांपर्यंत खर्च करू शकतो. डिझायनरचा तयार सूट घ्यावा, की कापड घेऊन शिंप्याकडून शिवावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण शिवूनच घ्यावा, असे मी निःसंकोच सांगते. या रकमेत डिझायनरचे नाव मिळेल ते बहुधा पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावर आणि आतून चिकटवलेल्या बकरमवर (ताठपणा देणाऱ्या थरावर). तयार कोटाच्या छातीचे कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहा. बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये तिसरा थर मोकळा सरकत असेल, तर आत शिवलेला कॅनव्हास आहे. सगळे मिळून एकच जाड थर लागत असेल, तर बकरम चिकटवलेले आहे. चिकटवलेला कोट सुरुवातीला झकास दिसतो, पण पुष्कळ वेळा ड्रायक्लीन झाल्यावर त्याच्या छातीवर फोड आल्यासारखे दिसू लागते आणि त्याला इलाज नसतो.

लोकर निवडताना ‘सुपर’ पुढचा आकडा जितका मोठा तितके कापड चांगले, अशी समजूत आहे. तो आकडा लोकरीच्या तंतूची तलमता सांगतो. सुपर 150 चे कापड हाताला मऊ लागते आणि लवकर झिजते. कार्यालयात आणि समारंभांत वापरायचे असेल, तर सुपर 100 ते 120 पुरेसे आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी जाड विणीपेक्षा हवा खेळेल अशी हलकी विण घ्यावी. विजार लवकर झिजते म्हणून त्याच ताग्यातून दोन विजारींचे कापड घ्यावे. उरलेल्या पैशांतून असा शिंपी शोधावा जो कोटाला शिवलेला कॅनव्हास घालतो आणि किमान दोनदा ट्रायल देतो. त्याला पाठीच्या मधल्या शिवणीत आणि विजारीच्या कमरेत इंच-दीड इंच माया ठेवायला सांगावे. पहिल्या ट्रायलला जाताना जे बूट घालणार असाल तेच घालून जावे, नाहीतर विजारीची लांबी हमखास चुकते.